बंदीपलीकडचा खेळ

ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये ज्या वेगाने संमत झाला, तो संसदेच्या नेहमीच्या चालीशी विसंगतच होता. २० ऑगस्टला लोकसभेने आणि २१ ऑगस्टला राज्यसभेने विधेयक मंजूर केले. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी घातली आणि ते चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. तेव्हा कायद्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पिंपरी-चिंचवडसारख्या उद्योगनगरीतून या प्रश्नाकडे पाहिले, तर कायदा जेथे थांबतो तेथूनच खरा प्रश्न सुरू होतो, असे दिसते.

या नगरीतील दोन घटना पुरेशा बोलक्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये येथील पोलिस दलातील एका उपनिरीक्षकाने विश्वचषक क्रिकेट सामन्यावर काल्पनिक संघ निवडून दीड कोटी रुपयांचे बक्षीस मिळविले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याला निलंबनाला सामोरे जावे लागले. जुलै २०२४ मध्ये किवळे येथे एका शाळकरी मुलाने आत्महत्या केली. त्याच्या कागदांत खेळातील डावपेचांची रेखाटने सापडली आणि ऑनलाइन खेळाच्या वेडाने त्याला ग्रासले होते, असे पालकांनी सांगितले. आत्महत्येची कारणे बहुधा एकमेकांत गुंतलेली असतात. एका मृत्यूवरून सगळ्या खेळांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्याय्य नव्हे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नव्या कायद्याने पहिल्या घटनेतील खेळ बंद केला. दुसऱ्या घटनेने जी चिंता निर्माण केली, तिला मात्र या कायद्यात उत्तर नाही. कारण पैजेविना चालणाऱ्या खेळांना आणि ई-स्पोर्ट्सला तो उत्तेजनच देतो.

पैजेविना चालणाऱ्या खेळांत सर्वांत गाजलेला पब्जी. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, सुरक्षित प्रदेश आक्रसत जातो आणि अखेरपर्यंत जो तगतो तो जिंकतो. २ सप्टेंबर २०२० रोजी त्याच्या मोबाइल आवृत्तीसह ११८ अॅपवर सरकारने बंदी घातली ती मुलांच्या काळजीने नव्हे, तर देशाच्या सुरक्षेच्या कारणासाठी. क्राफ्टन या कोरियन कंपनीने २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून आणला. जुलै २०२२ मध्ये तोही हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. या भारतीय अवतारात रक्त लाल नसून हिरवे असते. रक्ताचा रंग बदलला म्हणजे खेळाचे स्वरूप बदलले, अशी समजूत करून घेणे मोठे सोयीचे आहे.

वास्तविक, पालकांना अस्वस्थ करणारी गोष्ट रक्ताच्या रंगात नसून या खेळाभोवती उभ्या राहिलेल्या समाजात आहे. या समाजाला स्वतःची भाषा आहे, रीतिरिवाज आहेत आणि नीतिनियमही आहेत. नवख्याला तेथे ‘नूब’ म्हणतात. यांत्रिक प्यादे खेळावे तसा खेळणारा ‘बॉट’ ठरतो. दबा धरून बसणारा ‘कॅम्पर’ उपहासाचा धनी होतो. विजयाला ‘चिकन डिनर’ म्हणतात, आणि ज्याच्या घरी कांदालसूणही वर्ज्य आहे तोही त्या मेजवानीचा जल्लोष करतो. चौघांच्या तुकडीत सहकारी जायबंदी झाला, तर गोळीबारात शिरून त्याला उठविणे हे कर्तव्य मानले जाते. खेळ अर्ध्यावर सोडून जाणे हा तर मोठाच अपराध होय.

येथेच घराघरांतील एका भांडणाचे मूळ आहे. जुना व्हिडिओ गेम मध्येच थांबविता येत असे. हा खेळ थांबत नाही, कारण समोर यंत्र नसून माणसे असतात. आई जेवायला हाक मारते तेव्हा मुलगा उठत नाही, यात तिला उद्दामपणा दिसतो. मुलाला मात्र आपण तिघा मित्रांशी इमान राखतो आहोत असे वाटते. दोघेही आपापल्या परीने खरे असतात. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा असतो, एवढे पालकांना ठाऊक असते, तर ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ याऐवजी ‘हा डाव संपला की ऊठ’ असे सांगता आले असते. आणि त्यानंतरही मुलगा उठला नाही, तर काळजीचे कारण आहे हेही वेळीच उमगले असते.

चाकणच्या पट्ट्यात या खेळाला आणखी एक संदर्भ आहे. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे येथील खोल्यांतून मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेले कंत्राटी कामगार आणि आयटीआयची मुले दाटीवाटीने राहतात. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची तिसरी. गावाकडचे मित्र शेकडो मैल दूर. भोसरीच्या तालमी आणि कबड्डीचे संघ, कामगार वसाहतींतील भजनी मंडळे व नाट्यस्पर्धा यांना कायम नोकरीचा आणि स्थिर शेजाराचा आधार होता. तो आधार ज्यांना लाभला नाही, त्यांना रात्री एक वाजता चौघे मित्र एकत्र भेटण्याचे एकच मैदान उरते आणि ते हातातल्या पडद्यावर असते. त्याला केवळ व्यसन म्हणणे हे अर्धसत्य होय.

उरलेले अर्धे सत्यही तितकेच कटू आहे. झोप मारून खेळलेला तरुण सकाळी प्रेस मशीनवर उभा राहतो तेव्हा धोका त्याच्या बोटांना असतो. खेळातील पोशाखांसाठी पैसे भरून बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे, यात सोडतीचीच चटक आहे. अनोळखी पुरुषांच्या शिवीगाळीमुळे मुली आपला आवाजही लपवितात, हे या समाजाचे लांच्छन आहे.

मग उपाय कोणता? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर खेळण्यास मनाई केली आणि २०२२ च्या आरंभी तो कायदा रद्द केला. चीनने २०२१ पासून अल्पवयीनांना शुक्रवार ते रविवार आणि सुटीच्या दिवशी फक्त एक तास दिला. आपल्याकडे अठरा वर्षांखालील खेळाडूला दिवसाला तीन तासांची मर्यादा या कंपनीने घातली. पण वडिलांचा फोन मुलाच्या हाती असेल, तर ती मर्यादा कागदावरच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराचा आपल्या रोगसूचीत समावेश केला, तो मात्र तास मोजून नव्हे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे, तेही साधारण वर्षभर, अशी तिची कसोटी आहे.

ही लक्षणे दिल्लीतील मंत्रालयाला दिसणार नाहीत. ती वर्गशिक्षकाला, पालकाला आणि खोलीतल्या सोबत्याला दिसतील. खचलेल्या मुलासाठी १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे. तो क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिण्यास खर्च येत नाही. पाळ्यांच्या वेळा ध्यानात घेऊन मैदाने रात्री उजळ ठेवणे महापालिकेला आणि औद्योगिक वसाहतीला अशक्य नाही. जुगार बंद करणे हे सरकारचे काम होते, ते त्याने केले. मुलगा कोणाबरोबर खेळतो आणि का उठत नाही, हे जाणून घेण्याचे काम मात्र घराचे आणि शाळेचे आहे. ते कोणताही कायदा त्यांच्या वतीने करणार नाही.