दुःखाचा दाखला

घरातले मूल गेले की सांत्वनाला आलेल्यांची वाचा खुंटते. काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून माणसे वर्गणी काढतात. आणि त्यात वावगे काहीच नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो पैसा जमल्यानंतर. तो कोणाचा, आणि देताना घेणाऱ्याला काय विचारावे? वेल्समधील ॲबरफॅन या खाणकामगारांच्या गावाची हकीकत या दृष्टीने आमच्या वाचकांनी जाणून घेण्याजोगी आहे.

शुक्रवार, 21 ऑक्टोबर 1966. मधल्या सुट्टीपूर्वीचा शाळेचा शेवटचा दिवस. खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडमातीचा, झऱ्यावरच रचलेला एक प्रचंड ढीग सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावरून घसरला आणि पँटग्लास शाळेवर व लगतच्या घरांवर येऊन कोसळला. 144 जीव गेले; त्यांत 116 मुले होती.

मर्थिर टिडफिलच्या महापौरांनी निधी उघडला. देशोदेशींहून लहानमोठ्या रकमा आल्या, आणि निधी साडेसतरा लाख पौंडांच्या घरात गेला. ज्या सरकारी कोळसा मंडळाला चौकशी न्यायाधिकरणाने 1967 मध्ये या अपघाताबद्दल दोषी ठरविले, त्याने एका मुलामागे देऊ केलेली भरपाई होती 500 पौंड. विश्वस्तांना अर्थातच याहून बरेच अधिक द्यावेसे वाटले. तेव्हा तिकडच्या धर्मादाय आयुक्तांनी सुचविले की, रक्कम देण्यापूर्वी आईबापांची मुलांशी कितपत जवळीक होती, म्हणजे त्यांना मानसिक क्लेश होत असण्याचा संभव किती, हे प्रत्येक घरापुरते तपासून पाहावे!

लेकराचा लळा होता की नाही याचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो? सुतक पाळायला आपल्याकडे कोणी पटवाऱ्याचा किंवा तलाठ्याचा शिक्का मागत नाही. सुदैवाने विश्वस्त बधले नाहीत. मूल गमावलेल्या प्रत्येक कुटुंबाला त्यांनी सरसकट 5,000 पौंड दिले. आपल्या मंडळांवर असा प्रसंग न येवो. पण आलाच, तर हे सरसकटपण उचलण्याजोगे आहे. मिळालेला पैसा कुटुंबाने वर्षश्राद्धाला लावावा, धाकट्याच्या शिक्षणाला लावावा की नुसता घरात ठेवावा, हे त्या घराने पाहावे. वर्गणीदारांनी हिशेब मागायचा तो मंडळाकडे. आणि मदत हाती देतानाचे छायाचित्र तर नकोच नको.

पैशाने होत नाही तेही गावाने आपापल्या परीने केले. 1967 मध्ये तेथील तरुण गृहिणींनी आपले एक मंडळ काढले. घराबाहेर पडून एकमेकींजवळ मोकळेपणी बोलता यावे, रडावेसे वाटले तर रडता यावे, एवढाच त्याचा मूळ हेतू. अशा गोष्टीला वर्गणी फारशी लागत नाही, सवड मात्र लागते.

पुढची कथा अधिक कडवट आहे. गावाच्या डोक्यावर उरलेले ढीग हलवावेत, अशी पालकांची मागणी होती. रोज मान वर केली की तेच दृष्टीस पडत. कोळसा मंडळ पूर्ण खर्च सोसायला तयार होईना. अखेर 1968 मध्ये दीड लाख पौंड या मदतनिधीतूनच घेण्यात आले. म्हणजे लोकांनी ज्यांचे अश्रू पुसायला पैसे धाडले, त्यांच्याच नावच्या पैशातून अपराध्याचा केर काढला गेला. कायद्यात ते कसे बसविले असेल ते असो. माणुसकीत ते बसत नाही.

ही रक्कम सरकारने परत केली ती 1997 मध्ये, तब्बल 29 वर्षांनी, आणि तीही व्याजावाचून. 2007 मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी 20 लाख पौंड दिले. त्यांतले 15 लाख स्मारकाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडे गेले. गावावरच्या उतारावर मुलांच्या थडग्यांशी पांढऱ्या कमानींच्या रांगा आहेत. त्यांची निगा राखण्याचे काम ही संस्था करते.