बत्तिशीचा हिशेब

दिवाळी आणि गुलाबी थंडी यांची जोडी ज्यांनी प्रथम जमवली, ते गृहस्थ खारदांड्याला राहत नसावेत. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावावे, तर ते आंघोळीआधीच घामाबरोबर वाहून जाते. समुद्रावरून वारा येतो खरा, पण तो वाळत घातलेल्या बोंबलांचा निरोप तेवढा आणतो. गारवा आणायचे बहुधा विसरतो. अशा दिवसांत कट्ट्यावर कोणीतरी विचारतोच, "आज पारा किती हो?" एक म्हणतो चौतीस, दुसरा म्हणतो त्र्याण्णव. झाले, लागले भांडण! गंमत अशी की दोघेही खरे बोलत असतात.

आपल्या घराघरांत उष्णतामानाचे हे दोन संसार सुखाने नांदतात. हवा आपण सेंटिग्रेडमध्ये मोजतो, ताप फॅरनहाइटमध्ये. त्यात आमच्या न्यू जर्सीच्या भाचीने नानकटाईची कृती पाठवली, "ओव्हन ३५० अंशांवर ठेवा." आमच्या ओव्हनची चकती २५० वर संपते. सौभाग्यवती म्हणाल्या, "अमेरिकेत नानकटाई भाजतात की विटा?" ३५० फॅरनहाइट म्हणजे आपले १७७ सेंटिग्रेड हे सांगितल्यावर नानकटाई झाली, आणि बरी झाली.

परवा वरच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी रसायनशास्त्राचे पुस्तक घेऊन आली. मी एके काळी हा विषय शिकवत असे, हे तिच्या आईने तिला सांगितले असणार. म्हणाली, "काका, सूत्र पाठ आहे. पण बत्तीस आधी वजा करायचे की नंतर, हे परीक्षेत नेमके विसरायला होते. आणि मुळात हे बत्तीस आले कुठून?"

हा दुसरा प्रश्न फार चांगला आहे. त्याचे उत्तर ठाऊक असले की पहिला उरतच नाही.

बाकीच्या मापांचे रूपांतर आपण चुटकीसरशी करतो. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तेव्हा बाजारात थोडा गोंधळ उडाला. पण एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, एवढे कळले की काम भागत होते. कारण शून्य आणे म्हणजेच शून्य पैसे. खिसा रिकामा तो दोन्हींत रिकामाच. शेर-किलोचेही तसेच. अंशांचे तसे नाही. सेंटिग्रेडचे शून्य एका पायरीवर आहे आणि फॅरनहाइटचे भलत्याच पायरीवर. शिवाय दोघांच्या पायऱ्यांची उंचीही निराळी.

ही दोन्ही शून्ये आमच्या खारदांड्यात रोज दिसतात. मासळीच्या खोक्यातला बर्फ वितळू लागला की त्याचे उष्णतामान शून्य सेंटिग्रेड. जोवर त्यात बर्फ शिल्लक आहे, तोवर ते तिथून फारसे हलत नाही. म्हणून तर होडीवर बर्फ नेतात. आता या बर्फात मीठ कालवा. बर्फ झरझर वितळतो, पण मिश्रण मात्र आणखी गार होते. संच्याचे आइस्क्रीम ज्यांनी हाताने फिरवले आहे, त्यांना हे सांगायला नको. १६८६ साली डान्झिग येथे जन्मलेल्या डॅनियल फॅरनहाइटने आपले शून्य अशाच मिश्रणावरून घेतले. १७२४ सालच्या लेखात त्याने बर्फ, पाणी आणि नवसागर यांचा उल्लेख केला आहे. तोच नवसागर, जो कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकीत असे. या शून्यापासून मोजत गेले की साधा बर्फ बत्तीसाव्या अंशावर भेटतो. म्हणजे ते बत्तीस हे दोन शून्यांमधले अंतर. थंडीने बत्तिशी वाजू लागते तो आकडाही बत्तीसच असावा, हा निव्वळ योगायोग. पण मुलांना लक्षात ठेवायला झकास!

स्वीडनच्या अँडर्स सेल्सियसने १७४२ साली बर्फ आणि उकळते पाणी यांच्यामध्ये शंभर पायऱ्या केल्या. त्याने त्या उलट्या लावल्या होत्या: उकळत्या पाण्याला शून्य, बर्फाला शंभर! १७४४ साली तो वारला आणि मागच्यांनी शिडी सुलट केली. याच दोन टोकांमध्ये फॅरनहाइटच्या पायऱ्या १८०, बत्तीसपासून दोनशेबारापर्यंत. १८० ला १००, म्हणजे ९ ला ५. सूत्र संपले. फॅरनहाइटकडून येताना आधी बत्तीस वजा करून बर्फापाशी यायचे, मग ५ ने गुणून ९ ने भागायचे. जाताना आधी पायऱ्या बदलायच्या, मग बत्तीस मिळवायचे.

तोंडी करायचे तर याहून सोपे. सेंटिग्रेडचा आकडा दुप्पट करा, त्या दुपटीचा दहावा भाग काढून टाका, बत्तीस मिळवा. आमच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली. दुप्पट ८४.४, दहावा भाग गेला, राहिले सुमारे ७६, बत्तीस मिळवले, १०८. आणि २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ वर उतरला, म्हणजे सव्वापंचेचाळीस फॅरनहाइट. मुंबईकरांची बत्तिशी वाजली असेल ती त्या दिवशी!

मुलीची पुढची अडचण निराळी होती. "दहा अंशांवरचा वायू वीस अंशांवर नेला, दाब तोच ठेवला, तर आकारमान दुप्पट का होत नाही?" मी म्हटले, "हेच दोन आकडे फॅरनहाइटमध्ये मांड." तिने मांडले: ५० आणि ६८. मग स्वतःच हसली. दुप्पट गेली कुठे? मापाची भाषा बदलताच जी दुप्पट नाहीशी होते, ती मुळात नव्हतीच. त्यासाठी शून्य खरोखरीचे हवे, ज्याखाली काही नाही असे. ते लॉर्ड केल्व्हिनने १८४८ साली पुढे मांडले आणि आज आपण ते उणे २७३.१५ सेंटिग्रेडवर धरतो. त्या मापाने आपला वायू २८३ वरून २९३ वर गेला. शंभर लिटरांचे जेमतेम साडेएकशेतीन झाले.

केल्व्हिन आणि सेंटिग्रेड यांचे नाते पंचांगवाल्यांना चटकन कळेल. शकात ढोबळमानाने ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माणसाचे वय दोन्हींत तेवढेच राहते. तसेच इथे २७३ मिळवायचे ते मुक्कामाच्या आकड्यात; दोन मुक्कामांमधल्या अंतरात काही मिळवायचे नसते. फॅरनहाइटमध्येही हाच नियम. २०१५ च्या पॅरिस करारातली पृथ्वीच्या तापण्याची दीड अंशाची मर्यादा हे अंतर आहे. फॅरनहाइटमध्ये ती २.७ होते. डोळे मिटून सूत्र लावणारा तिथे बत्तीस मिळवून ३४.७ लिहील आणि पृथ्वीची भट्टी करून मोकळा होईल.

हे सारे परीक्षेपुरते आहे असे कोणास वाटेल, म्हणून गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्याच इमारतीत एका तान्ह्या नातवाला दिवसभर कणकण होती. घरात नवा, आकड्यांचा थर्मामीटर. त्याचे बटण जास्त वेळ दाबले गेले म्हणजे तो मुकाट्याने माप बदलतो, हे कोणास ठाऊक? रात्री आकडा आला ३९.४. आजी निश्चिंत झाल्या. "शंभरसुद्धा नाही. नव्व्याण्णवच्या पुढे गेला तर बघू." ही अकरावीतली मुलगी भांडे परत द्यायला गेली होती. तिने जिन्यात उभ्याउभ्याच हिशेब केला: अठ्ठ्याहत्तर पूर्णांक आठ, त्यातून सुमारे आठ गेले एकाहत्तर, आणि बत्तीस. जवळजवळ एकशेतीन! पोराला त्याच पावली डॉक्टरांकडे नेले. पोर आता रांगते आणि माझ्या वहाणा पळवते.

तापाच्या आकड्यांचीही एक गंमत ऐकून ठेवा. जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिख याने असंख्य रोग्यांची उष्णता पाहून १८६८ साली निरोगी माणसाचे मान ३७ सेंटिग्रेड म्हणून सांगितले. हा सरासरीचा, गोल आकडा. त्याचे भाषांतर झाले ९८.६, आणि दशांशचिन्ह दिसताच लोकांना वाटले की ही सोनाराच्या काट्यावरची तोल आहे! प्रत्यक्षात निरोगी माणसाचा आकडा सकाळी थोडा खाली, संध्याकाळी थोडा वर असतो, आणि माणसामाणसातही फरक पडतो. डॉक्टर ताप धरतात तो १००.४ पासून, तोही साध्या ३८ चाच अनुवाद आहे. रूपांतराने आकड्याला शेपूट फुटते. मोजणाऱ्याची अक्कल त्याने वाढत नाही.

तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला ठेवाल तेव्हा एक काम करा. घरातला थर्मामीटर काढून त्यावर सी आहे की एफ, ते पाहून ठेवा. घरात आजी असतील तर त्यांना एवढेच सांगा: सीचे ३८ म्हणजे एफचे १००.४, आणि सीचे ३९ म्हणजे एकशेदोनच्या वर. कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवलेत तर फारच उत्तम. आणि दोन्ही मापांत एकच आकडा कुठे येतो, असे एखाद्या चौकस पोराने विचारलेच, तर सांगा, उणे चाळीसला. तिथे हे जुने भांडण मिटते. पण ते पाहायला खारदांड्याहून फारच लांब जावे लागेल.

दिवाळी सुखाची जावो, आणि आपली बत्तिशी केवळ हसण्यापुरतीच दिसो!