‘असलेलं बरं’ म्हणून पिस्तूल घेऊ नका

मराठी माणूस घरातल्या निम्म्या वस्तू ‘असलेलं बरं’ या दोन शब्दांवर घेतो. जास्तीची गादी, टॉर्च, सुतळीचं बंडल, पाहुण्यांसाठी सहा जास्तीच्या वाट्या. लागेल तेव्हा लागेल, असलेलं बरं. तक्रार काही नाही, मीही त्यातलाच. पण अमेरिकेत येऊन पंधरा वर्षं झाली, घर झालं, नागरिकत्व झालं, की हल्ली याच यादीत पिस्तूल जाऊन बसायला लागलंय. त्याला मात्र माझा सक्त विरोध आहे.

मी टेक्सासमध्ये राहतो आणि महिन्यातून एकदा रेंजवर नेमबाजीला जातो, एवढ्या भांडवलावर आमच्या गोतावळ्यातला तज्ज्ञ ठरलोय. गेल्या वर्षभरात तिघांनी विचारलं, "कुठलं घेऊ रे?" त्यातल्या एकाच्या घरी चार वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी आहे. म्हणून तिघांना फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. एरवी मी शेवटी ‘ह. घ्या.’ लिहितो. आज लिहिणार नाही.

आधी तिकडच्या मंडळींसाठी थोडं. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्यासाठी पोलीस चौकशीपासून सगळं सोपस्कार, आणि ९ मिमीचं पिस्तूल तर सामान्य नागरिकाला प्रतिबंधितच. म्हणून तिथे .३२ ची पिस्तुलं दिसतात. इथे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात सांगितलं, की स्वसंरक्षणासाठी घरात हँडगन ठेवणं हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. टेक्सासमध्ये दुकानात जायचं, फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी व्हायची, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी खोका घेऊन बाहेर. मायक्रोवेव्ह घ्यायला याहून जास्त विचार करतो आपण!

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने टेक्सास, जॉर्जिया, मिशिगन वगैरे राज्यांत ठरवून भारतीय आणि आशियाई कुटुंबांची घरं लुटली. माणसं घरात असताना, बायका-मुलांसमोर. कारण उघड आहे, आपल्या घरात सोनं असतं. टोळीच्या सूत्रधार बाईला २०१९ साली ३७ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा ज्याला वाटतं की घरात काहीतरी असावं, त्याला मी वेडा म्हणणार नाही. फक्त एक विचारीन. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये टाकलंस का? दाराला जाड पट्टी, चौकटीत तीन इंची स्क्रू, अंगणात दिवा, हे झालं का? हे सगळं दीड-दोनशे डॉलरमध्ये होतं आणि त्याने कुणाचा जीव जात नाही. ते न करता थेट दुकानात धावणारा माणूस संरक्षण विकत घेत नाही, समाधान विकत घेतो.

बरं, हे सगळं केलं आणि तरी घ्यायचंच ठरलं. तर मग काय घ्यायचं?

दुकानाच्या काउंटरवर दोन प्रकारचे सल्ले मिळतात, आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. पहिला खास आपल्यासारख्या किरकोळ अंगकाठीच्या लोकांना आणि बायकांना मिळतो. "हे छोटं घ्या, हलकं आहे, हाताला बसेल." ऐकायला किती समंजस! पण पिस्तुलाचं गणित नेमकं उलटं आहे. धक्का गोळीतून येतो आणि तो पिस्तुलाचं वजन झेलतं. वजन कमी, की उरलेला धक्का तुमच्या मनगटाला. तीनशे ग्रॅमचं पिटुकलं पिस्तूल झाडून बघा, दहाव्या गोळीला हात झिणझिणतो आणि विसाव्या गोळीला नको वाटतं. करंगळीला मुठीवर जागा नसते. पुढची आणि मागची माशी यांत अंतर कमी, म्हणून नेमातली केसाएवढी चूक लक्ष्यावर वीतभर होते. स्लाइड छोटी, म्हणून तिची स्प्रिंग जास्त कडक, म्हणजे ज्यांच्या बोटांत जोर कमी त्यांनाच ती ओढायला जड! छोटं पिस्तूल हे कपड्यांखाली लपवून दिवसभर बाळगण्यासाठी बनवलेलं असतं. घरात लपवायचंय कुणापासून? पलंगाशेजारच्या तिजोरीला काय खिसा आहे?

म्हणून घरासाठी पूर्ण आकाराचं सेमी-ऑटोमॅटिक. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे मशीनगन नव्हे, हेही सांगून टाकतो, कारण पुण्याहून मावशीचा फोन येईल. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. त्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत ढकलते. दुसऱ्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. बस्स, एवढंच.

दुसरा सल्ला मर्दानी. "९ मिमी काय घेता, .४५ घ्या, एका गोळीत माणूस आडवा." ही कथा फार जुनी आहे. १९८६ साली मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. एक ९ मिमीची गोळी दरोडेखोराच्या छातीत शिरूनही हृदयाच्या अलीकडे थांबली होती. झालं, ९ मिमीवर खापर फुटलं. एफबीआय आधी १० मिमीकडे गेली, मग .४० कडे. वर्षानुवर्षं वापरल्यावर २०१४ साली त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने लिहून दिलं, की आधुनिक गोळ्यांच्या बाबतीत या आकारांत व्यवहारात फारसा फरक उरलेला नाही, उलट ९ मिमीने बहुतेकांचा नेम जास्त चांगला लागतो. आणि गाडी पुन्हा ९ मिमीवर आली. धक्का कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त, आणि सरावाची काडतुसं .४५ पेक्षा बरीच स्वस्त. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जे महाग पडतं त्याचा सराव होत नाही.

आता नावं. ग्लॉक १७ हे १९८२ पासूनचं, ऑस्ट्रियाच्या सैन्याने पहिल्यांदा घेतलं. प्लास्टिकची बॉडी, सतरा गोळ्या, दिसायला इस्त्रीसारखं, पण चालत राहतं. बेरेटा ९२ हे अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये स्वीकारलेलं, साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे धक्का अगदी मऊ. फक्त मूठ जाड, लहान हाताला चापापर्यंत बोट पोचायला त्रास. सीझेड ७५ हे १९७५ मधलं चेकोस्लोव्हाकियाचं, पोलादी, साधारण एक किलो, आणि मूठ अशी की हात लावला की सोडवत नाही. माझा कल कुठे आहे ते कळलं असेल. पण माझा कल तुमच्या कामाचा नाही. भाड्याने पिस्तूल देणाऱ्या रेंजवर जा, तीन-चार प्रकार घ्या, प्रत्येकातून पन्नास गोळ्या झाडा, आणि कागदावरची भोकं कुठे कमीत कमी जागेत पडली ते बघा. कागद खोटं बोलत नाही. चपलासुद्धा आपण घालून, चार पावलं चालून घेतो.

आणि हो, राज्याचा कायदा बघा. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इथे मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत. त्याहून महत्त्वाचं, जे आपल्या लोकांना काउंटरवर सहसा कुणी समजावून सांगत नाही ते असं. एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असाल तर पिस्तूल बाळगणं हा संघराज्याचा गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद सोडले, तर पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय देशाबाहेर हकालपट्टीची भीती. ग्रीन कार्डवाल्यांना परवानगी आहे. आता पुढचा विचार करा. सहा महिन्यांसाठी आई-बाबा आलेत, ते व्हिसिटर व्हिसावर. "मी ऑफिसात असताना लागलं तर" म्हणून त्यांना तिजोरीचा आकडा सांगून ठेवणारा मुलगा त्यांचं रक्षण करत नाही, त्यांना अडचणीत आणतो. तसंच रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर सापडलं, तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

काही जण म्हणतात, घरासाठी एक आणि रेंजसाठी वेगळं घ्यावं. मला हे अजिबात पटत नाही. घरातलं पिस्तूल तेच असावं ज्याच्या हजारभर गोळ्या तुम्ही स्वतः झाडल्यात. रात्री तीनला, झोपेतून उठून, थरथरत्या हाताने माणूस नवीन काही शिकत नसतो. तेव्हा हात फक्त सवयीचं करतात. म्हणूनच पूर्ण आकाराचं म्हणतो मी. जे झाडायला आनंद वाटतो तेच दर महिन्याला बाहेर निघतं. (रेंजवर चष्मा आणि कानाला संरक्षण लावा, आणि घरी आल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी हात साबणाने धुवा. शिसं असतं.)

सिनेमात गोळी भिंतीला लागून थांबते. इथली घरं लाकडी सांगाड्याची, आतल्या भिंती जिप्समच्या पातळ फळ्यांच्या. ९ मिमीची गोळी अशा एकामागोमाग एक भिंती पार करते. आत शिरल्यावर पसरणारी पोकळ टोकाची गोळी घरासाठी योग्य, पण चुकली तर तीही भिंतीपलीकडे जाते. तेव्हा पलंगावर झोपून आजच हिशोब करा. दाराच्या दिशेने गोळी गेली तर मागे कोण झोपलंय? मुलांची खोली असेल, तर तुमची जागा बदला. आणि उजेडाशिवाय चाप नाही. पूर्ण आकाराच्या बहुतेक आधुनिक पिस्तुलांना नळीखाली दिवा लावायची खाच असते, पण हातातला वेगळा टॉर्च हवाच, कारण कोण आलंय हे बघण्यासाठी पिस्तूल रोखणं म्हणजे पाणी प्यायला उठलेल्या मुलीवर पिस्तूल रोखणं.

आता सगळ्यात कडू गोष्ट. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे सत्तेचाळीस हजार माणसं गेली. त्यातल्या सत्तावीस हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. म्हणजे घरातल्या पिस्तुलाचा विचार करताना आपण दाराबाहेरच्या माणसाची कल्पना करतो, आणि धोका बऱ्याचदा दाराच्या आत असतो. नोकरी गेलेला नवरा, खचलेला कॉलेजातला मुलगा, कुणाशी न बोलणारी सून. आपल्याकडे तर मनाच्या आजाराबद्दल बोलायचीच पद्धत नाही. घरात कुणाचे दिवस वाईट चालले असतील तर पिस्तूल घेऊ नका. आधीच असेल तर तेवढ्या काळापुरतं घराबाहेर कायदेशीर जागी ठेवा. यात लाज कसली?

लहान मुलांबद्दल तर वादच नको. "आमचा बंड्या शहाणा आहे, हात लावत नाही" हे वाक्य प्रत्येक आई म्हणते. बंड्याला लाडूचा डबा कुठे आहे हेही कुणी सांगितलेलं नसतं. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं पिस्तूल ठेवणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी उशीखाली, ड्रॉवरमध्ये, कपाटात साड्यांच्या मागे ठेवणं हा मूर्खपणाच. पलंगाजवळ बोल्टने घट्ट बसवलेली, बटणांच्या आकड्यांनी दोन-तीन सेकंदांत उघडणारी छोटी तिजोरी मिळते. ती पिस्तुलाच्या आधी घ्यायची. आधी देव्हारा, मग देव.

काही जण म्हणतील, कुलूप लावलं तर वेळेवर निघणार कसं? दोन-तीन सेकंद, मंडळी. तेवढेही मिळणार नसतील तर ड्रॉवरमधलंही हाती येणार नाही. त्या दोन सेकंदांच्या बदल्यात उरलेल्या वर्षातल्या प्रत्येक दुपारची शांती मिळते, हा सौदा मला स्वस्त वाटतो. उलट बाजूचे म्हणतील, शी! सुसंस्कृत घरात बंदूक? त्यांचाही आदर आहे. न घेणं हा पूर्ण शहाणा निर्णय आहे आणि त्यासाठी कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. माझं भांडण घेणाऱ्यांशी नाही, न घेणाऱ्यांशीही नाही. घेऊन कपाटात टाकणाऱ्यांशी आहे.

त्या तिघांना माझं उत्तर एकच. तिजोरीचे पैसे, शिकवणीचे पैसे आणि वर्षभराच्या काडतुसांचे पैसे बाजूला काढा. महिन्याचा एक शनिवार त्याच्या नावावर लिहून टाका. हे जमत असेल तर पूर्ण आकाराचं ९ मिमी घ्या, हाताला बसेल ते, कंपनी कुठलीही चांगली चालेल. जमत नसेल तर दाराला चांगलं कुलूप घ्या, फोन उशाशी ठेवा, ९११ चे तीन आकडे मुलांनाही शिकवा. तेही संरक्षणच आहे, आणि ते खरोखर असलेलं बरं.