शंका आली तर चेंडू आत

कॉलेजात टेनिस खेळलेला मुलगा घरच्या जमीन-प्लॉटच्या व्यवसायात बसला, की लोक म्हणतात, खेळ वाया गेला. तसं नाही. पंच नसलेल्या सामन्यात आपल्या बाजूच्या रेषेचा निर्णय आपणच द्यायचा असतो. शंका आली तर चेंडू आत धरायचा, फायदा समोरच्याचा.

हीच सवय या धंद्यात हवी. रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसींमुळे शिरूर-दौंडमध्ये गुंठ्यागुंठ्याला मोल आलं आहे. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. हद्द हातभर सरकली तरी कुणाचा तरी हक्क जातो. तरुण भावांनो, सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा गिऱ्हाइकाला बयाण्याआधी दाखवा. वाचून न दाखवता बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेऊ नका. इथेही पंच नसतो, पण हिशेब द्यावाच लागतो.