बोर्डाची ऑर्डर देण्यापूर्वी दुसरी नजर हवी

अंधेरीत १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले. आज उपनगरांतल्या लहान गाळ्यांतूनही एलईडी दिवे, चार्जर आणि यंत्रांचे कंट्रोल बोर्ड तयार होतात. आपले अनेक हुनरमंद तरुण या कामात आहेत. पीसीबीचे डिझाइन कॉम्प्युटरवर काढायचे, फाइल कारखान्याला पाठवायची आणि बोर्ड मागवायचे, असा हा धंदा आहे. परंतु फाइल पाठवण्यापूर्वी ती दुसऱ्याकडून तपासून घेण्याची सवय फार थोड्यांना आहे.

मी कापडाचा व्यापारी. आमच्याकडे नमुना पास झाल्याशिवाय ताके छपाईला जात नाहीत. बोर्ड हीदेखील छपाईच आहे. त्यावरील अक्षरांच्या थराला आजही सिल्कस्क्रीन म्हणतात. हा शब्द चौकटीवर ताणलेल्या रेशमी कापडावरून आला. फरक एवढाच की, छपाई बिघडलेले कापड सेकंडमध्ये तरी विकले जाते. चुकलेला बोर्ड मात्र बहुधा भंगारातच जातो, आणि शंभर मागवले असतील तर शंभरही जातात.

काही बंधू म्हणतात, "कॉम्प्युटरने तपासले आहे." कॉम्प्युटर दोन ट्रॅकमधले अंतर आणि होलचा आकार पाहतो. तुमच्या हातातल्या पार्टचा कोणता पाय कशाचा, हे तो जाणत नाही. बीसी ५४७ आणि प्लॅस्टिकचा २२२२ हे ट्रान्झिस्टर दिसायला सारखे, पण त्यांच्या पायांचा क्रम उलटा असू शकतो. ७८०५ आणि ७९०५ या रेग्युलेटरांच्या पायांचा क्रमही वेगळा. इथे माणसाचीच नजर लागते.

तपासणी अवघड नाही. डिझाइन मूळ मापात कागदावर छापा आणि खरे पार्ट त्यावर ठेवून पाहा. कनेक्टरचे पाय बसतात का? स्क्रूची होल पेटीशी जुळतात का? २३० व्होल्टची बाजू आणि कमी व्होल्टची बाजू यांत पुरेसे अंतर आहे का? हा प्रश्न पैशाचा नाही, वापरणाऱ्याच्या जिवाचा आहे. साध्या बोर्डावर तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा असतो. म्हणून मोटरचा करंट वाहणारा ट्रॅक रुंदच हवा. शेवटी, कारखान्याला जाणारी गर्बर आणि ड्रिलची फाइल स्वतः उघडून एकेक थर पाहा.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. कीकॅड मोफत मिळते. पवईच्या आयआयटीत तयार झालेले ईसिमही मोफत आहे. त्यात सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून पाहता येते.

माझे म्हणणे एवढेच की, ज्याने डिझाइन काढले त्यानेच ते पास करू नये. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही. दुसऱ्या जाणकाराला बसवा आणि त्याची मजुरी द्या. ओळखीत फुकट पाहणारा वरवरच पाहतो. पास झालेल्या कागदावर गिऱ्हाइकाची सही घ्या. कारखाना फाइलप्रमाणे माल देतो. नंतर नुकसान कोणी सोसायचे, यावरून जुनी दोस्तीही तुटते.

घाईच्या ऑर्डरीला अर्धा दिवस जास्त लागला तरी चालेल. तपासणीची मजुरी अंदाजपत्रकातच धरा. ती खर्च नव्हे, भांडवलाची राखण आहे.