पडदा आमचा, ठिपका कुणाचा?

कारखाना कुठे गेला यावर आपण फार भांडतो. २०१६ साली वेदांत समूहाच्या ट्विनस्टार कंपनीचा पडदे तयार करण्याचा प्रकल्प महाराष्ट्रात येणार म्हणून गाजला, नागपूरजवळच्या बुटीबोरीचे नाव निघाले. तो आला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनने गुजरात निवडला, तेव्हा तर चहाच्या टपरीवरही दुसरा विषय नव्हता. त्या प्रकल्पातही पडद्यांचा भाग होता. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडली आणि ज्या भागीदारीवरून आपण भांडलो ती भागीदारीच मोडली.

या सगळ्या गदारोळात एकाने तरी विचारले का, की पडद्यावरचा एक ठिपका पेटतो कसा?

"गुरुजी, तुम्ही बी.ए. झालेले, तेही मराठीतून. तुम्हाला कशाला ही उठाठेव?" असे मला विचारले जाते. या प्रश्नाचाच मला राग आहे. जणू ठिपक्याला इंग्रजीच समजते!

आमच्या नरखेड तालुक्यातल्या संत्रा बागाईतदाराला हा ठिपका पाच मिनिटांत समजेल. मोबाइलच्या पडद्यावर १०८० गुणिले २४००, म्हणजे सुमारे २६ लाख ठिपके असतात. स्वतः उजेड देणाऱ्या ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपक्यात वेगवेगळ्या रंगांचे बारीक दिवे असतात. या सगळ्यांना स्वतंत्र तार देणे शक्य नाही. म्हणून ओळीओळीने पाणीपाळी! पण पाळी क्षणभराची. ती संपताच दिवा विझला तर चित्र दिसणार कसे? म्हणून प्रत्येक दिव्यामागे दोन ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. पहिला ट्रान्झिस्टर म्हणजे पाळी आली की उघडणारा कॉक. कपॅसिटर म्हणजे त्या वेळी भरून ठेवलेले मडके. दुसरा ट्रान्झिस्टर हा मुख्य पाइपावरचा कॉक. मडक्यात पातळी जेवढी, तेवढा तो उघडा राहतो आणि पुढची पाळी येईपर्यंत दिव्याला वीज देत राहतो. हे सेकंदाला साधारण ६० वेळा.

खरी गंमत पुढे आहे. एकाच साच्यातले दोन कॉक कधी सारखे नसतात. एक थोडा आधी उघडतो, एक उशिरा. शिवाय पाइपाच्या शेवटी दाब कमी पडतो. बागेत त्यामुळे टोकाची झाडे उपाशी राहतात, पडद्यावर डाग दिसतात. बागेत आपण काय केले? दाब कमीजास्त झाला तरी सारखेच पाणी देणारे ड्रिपर आणले. पडदेवाल्यांनीही तेच केले. दोनाच्या जागी सहा-सात ट्रान्झिस्टर घातले. चित्र भरण्याआधी मंडल त्या कॉकलाच विचारते, "बाबा, तू किती दाबाला उघडतोस?" आणि तेवढी भर मडक्यात आधीच घालते. आजची सारी अक्कल या मांडणीत आहे, आणि पेटंटही तिचीच निघतात.

आता इतिहास पाहा. १९७० च्या दशकात अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत पीटर ब्रॉडी यांच्या गटाने ठिपक्यामागे ट्रान्झिस्टर बसवून दाखवला. कंपनीने ते काम पुढे बंद केले. १९८७ साली कोडॅकच्या तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी ओएलईडीचा महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. २००९ मध्ये कोडॅकने तो व्यवसाय कोरियाच्या एलजीला विकून टाकला. म्हणजे जन्म एकीकडे आणि पीक दुसरीकडे. कोरियाने हे पीक घेतले ते नुसत्या जमिनीच्या आणि सवलतीच्या जोरावर नाही. तिथली पोरे वर्षानुवर्षे या ठिपक्यावर बसली.

कारखाना आला तर चार घरांच्या चुली पेटतात, हे मला मान्य आहे. बेरोजगार पोराच्या बापाला ठिपक्याचे तत्त्वज्ञान सांगू नये, हेही खरे. पण मांडणी परक्याची असेल तर आपल्या पोरांच्या वाट्याला पेचकस आणि पॅकिंगच येणार. आणि तो कारखाना उद्या स्वस्त वीज दिसेल तिकडे निघून जाईल. डोक्यातली मांडणी मात्र कुठलाही मंत्री दुसऱ्या राज्यात पळवू शकत नाही.

आपली 'डिजिटल शाळा' म्हणजे काय? भिंतीवर पडदा. त्या पडद्यावर पोरे सगळे जग पाहतात, फक्त पडदा कसा चालतो तेवढे पाहत नाहीत. बिघडला की तो कोपऱ्यात, कापडाखाली. २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी आहे. पण परवानगीने पुस्तके लिहिली जात नाहीत. ती लिहावी लागतात. दहावीच्या पोराला दोन ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर आणि एक एलईडी घेऊन एक ठिपका टेबलावर मांडता येतो. खर्च एका नाश्त्याचा.

पुढल्या वेळी कुणी भाषणात "तुमचा कारखाना पळवला" म्हणून टाळ्या मागितल्या, तर त्यांना एवढेच विचारा: साहेब, आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत एक तरी ठिपका पोरांनी स्वतः पेटवला?