विश्लेषण : शिक्षकांनाच गुण देणाऱ्या मिशेल री वॉशिंग्टनमध्ये जिंकल्या की हरल्या?

शिक्षकाची नोकरी विद्यार्थ्यांच्या गुणांवर अवलंबून ठेवावी का, हा वाद अमेरिकेत निघाला की मिशेल री यांचे नाव हमखास निघते. राजधानी वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांच्या त्या चान्सेलर होत्या. जून २००७ ते ऑक्टोबर २०१०, एवढीच त्यांची कारकीर्द. तरीही तिची चर्चा अजून थांबलेली नाही.

री कोण आहेत?

दक्षिण कोरियातून आलेल्या दाम्पत्याच्या या कन्येने कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतली आणि ‘टीच फॉर अमेरिका’मार्फत बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतील शाळेत तीन वर्षे शिकवले. १९९७ मध्ये त्यांनी शिक्षकभरतीसाठी ‘द न्यू टीचर प्रोजेक्ट’ ही संस्था काढली. मुख्याध्यापकपदाचाही अनुभव नसताना ३७व्या वर्षी त्यांच्याकडे एका शहराच्या सगळ्या सरकारी शाळा आल्या.

इतके अधिकार मिळाले कसे?

२००७ मध्ये महापौर एड्रियन फेंटी यांनी शिक्षण मंडळाकडून शाळांचा ताबा स्वतःकडे घेतला. त्यामुळे री यांना जाब विचारणारा माणूस एकच उरला. त्यांनी २३ शाळा बंद केल्या. स्वतःच्या मुली ज्या शाळेत शिकत होत्या, तिथल्या मुख्याध्यापकांनाही हटवले. हातात झाडू घेतलेले त्यांचे छायाचित्र डिसेंबर २००८ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले. ज्यांच्या मुलांची शाळा बंद झाली, त्या पालकांना हा झाडू कसा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

‘इम्पॅक्ट’ काय होते?

री यांचा सर्वांत मोठा आग्रह हाच. २००९ पासून प्रत्येक शिक्षकाचे वर्षभरात पाच वेळा वर्गनिरीक्षण सुरू झाले. त्यातली काही निरीक्षणे शाळेबाहेरचे अनुभवी शिक्षक करत. गणित आणि वाचनाच्या प्रमाणित परीक्षा ज्या इयत्तांना होत्या, तिथल्या शिक्षकांचे निम्मे मूल्यमापन मात्र ‘व्हॅल्यू अ‍ॅडेड’वर ठरे. विद्यार्थ्याच्या आधीच्या निकालावरून यंदाच्या गुणांचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष गुण त्याहून जास्त की कमी, ते शिक्षकाच्या खात्यावर मांडायचे. उत्तम श्रेणी मिळाली तर २५ हजार डॉलरपर्यंत बोनस, सर्वांत खालची मिळाली तर थेट घरी.

इथे प्रस्तुत लेखकातला इंजिनीअर थोडा अस्वस्थ होतो. कोणत्याही मोजमापात चूक असते, हे प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. वीस-पंचवीस मुलांच्या एका वर्षाच्या निकालात ती लहान नसते. कोणाचे आईवडील वेगळे झाले, कोणाचे घर सुटले, हे समीकरणात येत नाही. वर्गनिरीक्षणाला तो आक्षेप नाही. उलट, कधीही कोणी वर्गात डोकावतच नाही, त्यापेक्षा ते केव्हाही बरे.

पुढे काय झाले?

जुलै २०१० मध्ये २४१ शिक्षकांना काढण्यात आले. त्यातले बहुतांश ‘इम्पॅक्ट’मध्ये नापास झालेले होते. सप्टेंबरमध्ये फेंटी पक्षांतर्गत निवडणुकीत व्हिन्सेंट ग्रे यांच्याकडून हरले. या पराभवामागे शाळांवरचा रोष हे एक मोठे कारण मानले गेले. पुढच्याच महिन्यात री यांनी पद सोडले. एकाच माणसाच्या पाठिंब्यावर उभे असलेले पद त्याच माणसाबरोबर गेले.

पद्धत मात्र टिकली. री यांच्या सहकारी काया हेंडरसन त्यांच्या जागी आल्या. २०१२ मध्ये त्यांनी गुणांचा वाटा ५० वरून ३५ टक्क्यांवर आणला. थॉमस डी आणि जेम्स वायकॉफ यांच्या २०१३च्या अभ्यासात ‘इम्पॅक्ट’चा फायदाही दिसला : नोकरी धोक्यात आलेल्या कमकुवत शिक्षकांपैकी अनेकांनी स्वतःहून शाळा सोडल्या आणि जे राहिले, त्यांचे काम सुधारले. री यांच्या बाजूने मांडायचा हा सर्वांत भक्कम मुद्दा. टीकाकार तो सोयीस्करपणे गाळतात.

पण दुसरी बाजूही आहे. उत्तरपत्रिकांवर चुकीची उत्तरे खोडून बरोबर केल्याचे प्रमाण शहरातील निम्म्याहून अधिक शाळांत संशयास्पद असल्याचे ‘यूएसए टुडे’ने २०११ मध्ये दाखवले. व्यापक फसवणुकीचा पुरावा नाही, असे महानिरीक्षकांनी पुढच्या वर्षी म्हटले आणि विषय तिथेच थांबला. मग २०१७च्या अखेरीस बालू हायस्कूलचे प्रकरण बाहेर आले. महिनोन्‌महिने गैरहजर असलेल्या मुलांनाही तिथे पदवीपत्रे मिळाली होती. चौकशीत संपूर्ण शहराचा हिशेब निघाला : त्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांपैकी तब्बल ३४ टक्के मुले नियमांत बसत नव्हती. मुलांना पास करण्यासाठी शिक्षकांवर दबाव होता, असेही तपासात समोर आले.